तराजू कुणाच्या हाती? मर्यादित शासनाचा विचार आणि वऱ्हाडचा कापूस

शासनाने नेमके काय करावे आणि कशात हात घालू नये, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. एरवी तो परिसंवादांत आणि अग्रलेखांत रंगतो. वऱ्हाडात मात्र या वादाचा निकाल कास्तकाराच्या घरी येणाऱ्या चुकाऱ्यावर ठरत आला आहे. १९७२ च्या हंगामापासून २००२ पर्यंत, सुमारे तीन दशके, महाराष्ट्रात कापसाचा कायदेशीर खरेदीदार एकच होता आणि तो म्हणजे राज्य शासन. अमरावती आणि अकोला हे जिल्हे या प्रयोगाच्या केंद्रस्थानी होते. शासनाचे कार्यक्षेत्र वाढविल्याने काय साधते, ते आवरल्याने काय साधते आणि दोन्ही वेळी काय निसटते, हे समजून घ्यायचे असेल, तर या कापसाच्या कहाणीइतके जवळचे उदाहरण दुसरे नाही.

मर्यादित शासन म्हणजे काय?

मर्यादित शासन म्हणजे शासनाचा अभाव, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. या विचाराचा उगम ज्या ग्रंथात शोधला जातो, त्या ॲडम स्मिथ यांच्या १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ने राज्यकर्त्यांना तीन कर्तव्ये नेमून दिली आहेत. देशाचे संरक्षण, न्यायदान आणि ज्यातून कोणत्याही एका व्यक्तीला नफा होणार नाही, परंतु समाजाला मोठा लाभ होईल अशी सार्वजनिक कामे, ही ती तीन कर्तव्ये होत. रस्ते, पूल, कालवे हे या तिसऱ्या वर्गात येतात. व्यापार मात्र या यादीत नाही.

स्वतंत्र भारतात हा विचार राजकीय व्यासपीठावर आणण्याचे काम चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष स्थापन करून केले. परवाने आणि परमिटे यांच्या राज्यात उत्पादकाची शक्ती उत्पादनाऐवजी अधिकाऱ्याची मर्जी राखण्यात खर्च होते, हा त्यांच्या टीकेचा गाभा होता. महाराष्ट्रात या विचाराला विरोधही तितकाच जुना आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, इंग्लंडमध्ये जन्मलेले मुक्त व्यापाराचे सिद्धांत भारतासारख्या मागास ठेवलेल्या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, अशी मांडणी केली होती. वऱ्हाडच्या अनुभवाकडे पाहताना स्मिथ आणि रानडे या दोघांचेही म्हणणे ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

शासन पंचाच्या भूमिकेत

वऱ्हाडात कापसाचा मोठा व्यापार वाढला तो अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचली आणि अमरावती, अकोला, खामगाव ही नावे मुंबईच्या बाजारात परिचित झाली. व्यापारासोबत त्याचे दोषही आले. खोटी मापे, मनमानी कटती, हमाली आणि तोलाईच्या नावाखाली होणारी कपात यांनी शेतकरी नाडला जात होता.

त्यावर उपाय म्हणून १८८६ मध्ये कारंजा येथे नियंत्रित कापूस बाजार अस्तित्वात आला. देशातील पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. पाठोपाठ १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९२७ मध्ये मुंबई इलाख्याने कापूस बाजारांचा कायदा केला तेव्हा वऱ्हाडचा हा नमुना डोळ्यांपुढे होता.

या कायद्याचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. शासनाने कापूस विकत घेतला नाही आणि भावही ठरविला नाही. बाजार कुठे भरावा, वजनमापे कोणती असावीत, शुल्क किती घ्यावे, एवढेच त्याने सांगितले. थोडक्यात, शासन पंच होते, खेळाडू नव्हते. त्यात उणीवही होती. बाजार समितीवर व्यापाऱ्यांचा वरचष्मा होता आणि पिकविणाऱ्याला तिच्यात स्थान नव्हते. तरीही पंचाच्या या कामाची उपयुक्तता पुढे कुणीच नाकारली नाही. तराजू खरा असावा, ही अपेक्षा मुक्त बाजाराच्या कट्टर समर्थकाचीही असते.

पंच खेळाडू झाला

१९७१ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्य विधिमंडळाने कच्च्या कापसाची खरेदी, प्रक्रिया व पणन यांबाबतचा कायदा संमत केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यात पिकलेला कापूस शेतकऱ्याने शासनाच्या वतीने खरेदी करणाऱ्या यंत्रणेलाच विकायचा, खासगी व्यापाऱ्याने तो घ्यायचा नाही आणि परवानगीवाचून तो राज्याबाहेर न्यायचा नाही, असा हा दंडक होता. खरेदीचे काम सहकारी पणन संस्थेकडे सोपविले गेले. पुढे त्यासाठी कापूस उत्पादकांचा स्वतंत्र पणन महासंघ उभा राहिला. शेतकऱ्यांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘फेडरेशन’ एवढेच असे.

योजनेमागचा हेतू वाईट होता, असे तिचे विरोधकही म्हणत नाहीत. सुगीच्या तोंडावर भाव पाडून कापूस उचलणारा व्यापारी मधून काढावा, शेतकऱ्याला हमीभाव द्यावा, रुई आणि सरकी विकून वर्षअखेरीस नफा उरल्यास त्याचा मोठा वाटा बोनस म्हणून त्यालाच परत द्यावा आणि उरलेला भाग भावातील चढ-उतार सोसण्यासाठी निधीत ठेवावा, अशी ती कल्पना होती. सुरुवातीच्या काही वर्षांत अनेक शेतकऱ्यांना ती दिलासा देणारी वाटली. अडत्याच्या दारात उभे न राहता कापूस मोजून देता येतो, ही भावना मोलाची होती.

कागदावरचे गणित आणि बाजारातले गणित

योजना बिघडली ती केवळ भ्रष्टाचारामुळे, असे म्हणणे सोपे आहे. प्रतवारीतील हेराफेरी, केंद्रांवरची ताटकळ आणि चुकाऱ्यांची दिरंगाई यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्याच. परंतु सर्व अधिकारी सचोटीचे असते तरी योजनेच्या रचनेतच एक दोष होता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, हमीभाव क्विंटलला २,००० रुपये आहे आणि शेजारच्या राज्यात खासगी भाव २,३०० रुपये आहे. अशा वर्षी सीमेलगतचा शेतकरी कापूस मध्य प्रदेश, गुजरात किंवा आंध्र प्रदेशात नेण्याची वाट शोधतो. कायदा त्याला तस्कर ठरवितो, परंतु गाडी रात्री निघतेच. पुढच्या वर्षी बाहेरचा भाव १,७०० रुपयांवर आला, तर हाच प्रवाह उलटा फिरतो. बाहेरचा कापूसही व्यापाऱ्यांमार्फत महाराष्ट्राच्या केंद्रांवर येऊन पडतो. म्हणजे भाव चढे असतात तेव्हा नफ्याचा कापूस शासनाच्या हातातून निसटतो आणि भाव पडतात तेव्हा तोट्याचा कापूस तेवढा त्याच्या गळ्यात पडतो. चांगल्या वर्षांच्या नफ्यातून वाईट वर्षांचा तोटा भरून काढण्याचे सूत्र त्यामुळे कागदावरच राहते. प्रत्यक्षात घडले ते याच धर्तीवर. १९९० च्या दशकात बाहेर तेजी असताना कापूस सीमेपलीकडे गेला, त्याच दशकाच्या अखेरीस मंदी आली तेव्हा खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या आणि योजनेचा संचित तोटा हजारो कोटी रुपयांच्या घरात गेला.

दुसरा परिणाम गुणवत्तेवर झाला. खरेदीदार एकच असल्याने लांब धाग्याचा, स्वच्छ वेचलेला कापूस आणि कवडी-पाला मिसळलेला कापूस यांच्या भावात पुरेसे अंतर राहिले नाही. काळजीपूर्वक वेचणी करणाऱ्या शेतकऱ्याला तिचे मोल मिळेनासे झाले. तिसरा परिणाम उद्योगावर झाला. जिनिंग-प्रेसिंगच्या मालकाला स्वतः कापूस घेता येत नव्हता. शासनाने दिलेला कापूस ठरलेल्या दराने पिंजून देणे, एवढेच त्याचे काम उरले. अशा स्थितीत जुनी यंत्रे बदलण्याची प्रेरणा त्याला कोठून मिळणार? अमरावती आणि अकोल्यातील अनेक जिनिंग कारखाने याच काळात मागे पडले.

चौथा परिणाम राजकीय होता आणि कदाचित सर्वांत दूरगामी. भाव ठरविण्याचे काम बाजाराकडून मंत्रिमंडळाकडे गेले की भाव हा निवडणुकीचा विषय होतो. आश्वासन द्यायला खर्च लागत नाही, ते पाळायला तिजोरी लागते. तोटा भरण्यासाठी जो पैसा गेला, तोच सिंचनासाठी, रस्त्यांसाठी आणि संशोधनासाठी उपलब्ध नव्हता.

शेतकरी संघटनेची मांडणी

मर्यादित शासनाचा विचार वऱ्हाडच्या गावोगावी पोहोचविला तो शरद जोशी यांनी. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतील नोकरी सोडून ते चाकणजवळ शेती करू लागले आणि १९७९ मध्ये त्यांनी शेतकरी संघटना स्थापन केली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही संघटनेची घोषणा होती. शेतकऱ्याची गरिबी आळसातून वा अज्ञानातून आलेली नसून धोरणातून आली आहे, असे ते सांगत. निर्यातबंदी, साठ्यावरील मर्यादा, लेव्ही, जिल्हाबंदी आणि एकाधिकार या साऱ्यांचा हेतू शहरांना आणि गिरण्यांना स्वस्त माल पुरविण्याचा आहे, हा त्यांचा आरोप होता. भारताने जागतिक व्यापार संघटनेला सादर केलेल्या हिशेबात १९८६ ते १९८९ या आधारवर्षांसाठी पिकांवरील आधार उणे दाखविला गेला, तेव्हा ‘उणे सबसिडी’ हा शब्द त्यांनी प्रचारात आणला. शासन शेतकऱ्याला जे देते, त्याहून अधिक त्याच्याकडून काढून घेते, असा त्याचा अर्थ.

कापसाच्या भावासाठी झालेल्या आंदोलनात १० डिसेंबर १९८६ रोजी तत्कालीन परभणी जिल्ह्यातील सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. एका खरेदीदारापुढे शेकडो गावे उभी असली की भावाचा वाद हा थेट शासन आणि शेतकरी यांच्यातील संघर्ष बनतो, हे त्या घटनेने दाखविले. जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षाची स्थापना केली आणि राजगोपालाचारींचा वारसा नावातूनही सांगितला. १२ डिसेंबर २०१५ रोजी त्यांचे निधन झाले.

एकाधिकार उठल्यानंतर

२००२-०३ च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांना कापूस खरेदीची मुभा मिळाली आणि एकाधिकार संपला. त्यानंतर शेतकऱ्याला केंद्राबाहेर मुक्काम ठोकण्याऐवजी रोखीने विकण्याचा पर्याय मिळाला. आधुनिक जिनिंग कारखाने उभे राहिले. शेजारच्या राज्यात कापूस नेणारा गुन्हेगार ठरेनासा झाला. २०२१-२२ च्या हंगामात अकोटसारख्या बाजारात कापसाने क्विंटलला १० हजार रुपयांचा टप्पा ओलांडला, तेव्हा तो भाव थेट शेतकऱ्याच्या पदरात पडू शकला. एकाधिकार असता तर तसे घडणे कठीण होते.

मात्र याच काळाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. अमरावती विभागात २००१ पासून शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवली जाते आणि हा आकडा २० हजारांच्या पुढे गेला आहे. २००५ मध्ये राज्य शासनाने हमीभावावरील आगाऊ बोनस बंद केला आणि त्याच सुमारास संकट तीव्र झाले. डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटी रुपयांचे आणि जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले.

टीकाकारांचे म्हणणे असे की, शासनाने बाजारातून अंग काढून घेतले आणि शेतकरी उघड्यावर पडला. त्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना भरघोस अनुदान देत होती. ब्राझीलच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेने २००५ मध्ये त्यातील अनेक अनुदाने नियमबाह्य ठरविली. अशा बाजारात कोरडवाहू शेतकऱ्याने एकट्याने उतरणे म्हणजे विषम सामना होता. रानडे यांचा इशारा येथे लागू पडतो.

तथापि संकटाचे सारे खापर खुलेपणावर फोडणेही योग्य नाही. वऱ्हाडातील कापूस बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये सिंचनाचा जो अनुशेष दाखवून दिला, तो भरून निघण्यास दशके लागली आणि अमरावती विभाग त्यात सर्वांत मागे राहिला. सहकारी पतपुरवठा कोलमडला आणि शेतकरी सावकाराकडे वळला. २००२ मध्येच बीटी कापूस अधिकृतपणे आला. त्यामुळे उत्पादन, खर्च आणि जोखीम यांतील कोणता बदल कशामुळे झाला, हे वेगळे काढणे अवघड होते. निश्चितपणे सांगता येते ते एवढेच, की स्मिथ यांच्या यादीतील तिसरे काम, म्हणजे पाणी, रस्ते आणि ज्ञान यांची सोय, हे जिथे व्हायला हवे होते तिथे झाले नाही. शासन व्यापारात होते तेव्हाही ते झाले नाही आणि व्यापारातून निघाल्यावरही नाही.

याला एक सुखद अपवाद अकोल्यातच आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव धारण करणाऱ्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘पीकेव्ही हायब्रीड-२’ हा कापसाचा संकरित वाण विदर्भाच्या कोरडवाहू शेतीत दीर्घकाळ लोकप्रिय होता. खासगी कंपनीला ज्यात फारसा रस नसतो, असे स्थानिक हवामानाला अनुरूप संशोधन सार्वजनिक पैशातून झाले. शासनाचा हात उपयोगी कुठे पडतो, याचे हे उत्तम उदाहरण.

बंधने कायम, ठिकाण बदलले

एकाधिकार गेला म्हणून शासनाचा हस्तक्षेप संपला, असे नाही. तो मुंबईहून दिल्लीकडे सरकला. ५ मार्च २०१२ रोजी केंद्राने कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती शिथिल केली. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसावर आयातशुल्क लावले गेले. २०२२ मध्ये भाव चढताच ते काही महिन्यांसाठी माफ झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर, वर्षअखेरपर्यंत पुन्हा माफ झाले. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. एका हाताने हमीभाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने बाजारभाव खाली येईल असा निर्णय घ्यायचा, ही विसंगती मर्यादित शासनाचे समर्थक आवर्जून दाखवितात.

डाळींचे केंद्र असलेल्या अकोल्याला याचा अनुभव तुरीतही आला. २००६ मध्ये घातलेली डाळींची निर्यातबंदी २०१७ पर्यंत टिकली. २०१६-१७ मध्ये तुरीचे पीक उदंड आले तेव्हा बाहेरचा बाजार बंद होता. ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली तूर विकली गेली आणि खरेदी केंद्रांवर बारदाना अपुरा पडला. जून २०२३ मध्ये तुरीच्या साठ्यावर मर्यादा आली. सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वायदे व्यवहारांना डिसेंबर २०२१ मध्ये स्थगिती मिळाली आणि तिला पुढे मुदतवाढ मिळत गेली. भावाचा अंदाज देणारे एक साधन त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातून गेले.

बियाण्यांचा प्रश्न याच वादाचा भाग आहे. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील कापसाची जाहीर पेरणी केली. तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा, ही त्यांची भूमिका. जैवसुरक्षेची तपासणी हे मात्र पंचाचेच काम आहे, असे विरोधकांचे उत्तर. खरा वाद तपासणी असावी की नाही, याचा नसून ती किती वर्षे रेंगाळावी, याचा आहे.

तीन प्रश्नांची कसोटी

अमरावतीला आता पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यान आकार घेत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. अशा प्रकल्पाचे किंवा पुढे येणाऱ्या कोणत्याही कृषी योजनेचे मूल्यमापन करताना वऱ्हाडचा अनुभव तीन प्रश्न विचारायला शिकवितो. शासन येथे तराजू खरा राखते आहे काय? दुसरे कुणी करणार नाही असे काही उभारते आहे काय? की स्वतःच तराजू हाती घेऊन भाव ठरविते आहे? पहिल्या दोन भूमिकांत शासन कमी पडले, तेव्हा शेतकऱ्याने किंमत मोजली. तिसऱ्या भूमिकेत ते शिरले तेव्हाही किंमत शेतकऱ्यानेच मोजली. शासनाची मर्यादा कुठे असावी यावर मतभेद राहतील. मात्र ती कामे निवडून आखावी लागते, सरसकट आखता येत नाही, हे कारंज्याच्या बाजारापासून आजच्या खरेदी केंद्रापर्यंतच्या सुमारे १४० वर्षांनी पुरेसे स्पष्ट केले आहे.